बाटल्या उघडणारा माणूस

हैदराबादेत नल्लकुंट्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं आडनाव विचारलं नाही, मटण खातेस का विचारलं नाही, घरी किती वाजता येणार तेही विचारलं नाही. त्या आठवड्यात हे तीन प्रश्न मला पाच घरांत विचारले गेले होते आणि पाचव्या घरात मी भांडून आले होते. या माणसाने विचारलं, "कपडे कशात धुतेस?"

मी पावडरचं नाव सांगितलं.

"ओढणी नाकाला लाव. काय वास येतोय?"

"फुलांचा."

"कोणत्या?"

मला सांगता येईना. मोगरा म्हणावा तर नाही, गुलाब म्हणावा तर नाही.

"इतकी फुलं बघितलीस आयुष्यात, एकाचं नाव घेता येईना? मग ते फूल नाही माय. दुसरं कोणीतरी आहे, फुलाचं सोंग घेऊन आलंय. खोली वर आहे, बघून घे."

मी तेव्हा घरातल्या घातक रसायनांविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नुकतीच लागले होते. पुण्याहून आलेली, पंचविशीची, पत्रकं लिहिणारी. असा माणूस भेटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला वाटलं, हा म्हातारा चक्रम आहे आणि याने घरात काहीतरी लपवलेलं आहे. दोन्ही खरं निघालं, पण मला वाटलं होतं तसं नाही.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. नाव लिहीत नाही. छापलेल्या कशावरही त्यांचा भरवसा नव्हता, तिथे त्यांचंच नाव छापणं बरं दिसणार नाही. मी त्यांना काका म्हणायचे.

जामबागच्या एका जुन्या कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. गल्लीतले लोक त्यांना प्रोफेसरसाब म्हणायचे आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे. "प्रोफेसर नाही. लॅब असिस्टंट. प्रोफेसर फळ्यावर लिहायचे, बाटल्या मी उघडायचो." वडील नांदेडकडचे शेतकरी, निजामाच्या राज्यातच इकडे आलेले. काकांची शाळा उर्दू, बाजार तेलुगू, घर मराठी, कॉलेज इंग्रजी. चार लिप्या वाचायचे आणि चारींवर सारखाच संशय घ्यायचे.

वाचायचं काय, तर लेबलं. भाडेकरूंचा कचरा बाहेर पडला की त्यातल्या बाटल्या काढून व्हरांड्यात बसायचे. हातात भिंग. मला हे चीड आणणारं वाटायचं. माझा कचरा उचकायचा यांना काय अधिकार? एकदा तसं स्पष्ट बोलले.

"अधिकार नाही," काका म्हणाले. "बस इथं. हे काय लिहिलंय?"

फरशी पुसायच्या द्रावणाची बाटली होती. वर पिवळं धमक लिंबू, पान, पानावर दवबिंदू.

"लिंबू."

"चित्र झालं. आता मागं वाच. लिंबू कुठं लिहिलंय ते दाखव."

मी शोधलं. कुठेच नव्हतं. एक लांब नाव, दुसरं लांब नाव, पाणी, रंग, आणि शेवटी 'सुगंध'.

"आता लिंबाचा वास कोण देतंय, ते या शब्दाच्या मागं लपून बसलंय. लेबल म्हणजे ठाण्यात दिलेला जबाब असतो माय. काय सांगितलं ते सगळेच वाचतात. काय सांगितलं नाही ते बघायचं."

हे वाक्य मी दुसऱ्याच दिवशी एका पत्रकात वापरलं. त्यांना न विचारता.

'काय वास येतोय?' हा प्रश्न ते घरात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. दूधवाल्याला, गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्याला, वीज मीटर बघायला आलेल्या बाईंना. माणूस दारात आला की थांबवायचे, आत वळून हात करायचे, काय वास येतोय? माणूस गोंधळून काहीतरी सांगायचा, काका मान डोलवायचे आणि मग आत सोडायचे. मला ती मास्तरकी वाटायची. आयुष्यभर पोरांच्या तोंडी परीक्षा ऐकल्यावर माणूस असा होत असावा. एकदा त्यांचं दूध गॅसवर जळून कोळसा झालं. धूर वरपर्यंत आला, आणि मी खाली धावले तर काका शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलेले. "अरे," एवढंच म्हणाले. म्हातारपण, मी मनात म्हटलं.

दर गुरुवारी गल्लीत एक फकीर लोबानचं धुपाटणं घेऊन दुकानादुकानांत धूर द्यायला यायचा. काका त्यालाही सोडत नसत.

"क्या मियाँ, क्या डाले आज?"

"लोबान है साब. बरकत रहती."

"लोबान तो समझा. नीचे का कोयला किदर का है?"

"कोयला तो कोयला है साब. उसका क्या खानदान पूछना?"

"पूछना. पॉलिश की लकड़ी का रहा तो बरकत के साथ खाँसी भी मिलती."

फकीर हसत पुढे जायचा. पण काही आठवड्यांनी आला तेव्हा त्यानेच होऊन सांगितलं, "साब, इमली का कोयला है." काकांनी त्याला चहा दिला. विश्वास ठेवला असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि जे नैसर्गिक, ते चांगलं, असं आमच्या संस्थेत कोणी म्हटलं की सगळ्यांच्या माना हलायच्या. काकांची हलायची नाही. "धोतरा काय कारखान्यात होतो?" ते विचारायचे. डोळ्यात घालायच्या घरच्या सुरम्यावर, खुल्या हळदीवर, चकचकीत लाल कुंकवावर त्यांचा तेवढाच राग होता. "शिसं काय फक्त कंपनीच घालते? बाजारातली म्हातारी पण घालते, तिला माहीत नसतं एवढंच."

माझ्यावरचा संशय तर पहिल्या महिन्यात उघडच होता.

"तू कोणत्या कंपनीची?"

"काका, मी कंपन्यांच्या विरुद्ध काम करते."

"ॲसिडची बाटली टाकून द्या म्हणतेस, व्हिनेगरची आणा म्हणतेस. व्हिनेगर काय झाडाला लागतं? ती पण बाटलीच. ती पण कोणाची तरी."

मी चिडून वर गेले. चिडायला मला कारण लागायचं नाही तेव्हा. पण माझ्याही मनात एक संशय होता आणि तो जिन्याखाली होता. तिथे एक लोखंडी कपाट होतं, हिरव्या रंगाचं, कॉलेजच्या लिलावातून आणलेलं, आणि त्याला कायम कुलूप. किल्ली काकांच्या गळ्यातल्या दोऱ्यात. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस कुलपात काय ठेवेल? मला खात्री होती की तिथे जुनी रसायनं सडत पडली आहेत आणि मी त्यांच्या डोक्यावर झोपते आहे. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा काका म्हणाले, "तुझ्या कामाचं नाही. तुझ्या कामाचं कधी होऊ नये."

याचा अर्थ मी सरळ धमकी असा घेतला होता.

आता त्या पत्रकाबद्दल लिहायला हवं. ते मला टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

हैदराबादेत बोअरचं पाणी ज्यांच्या घरी येतं त्यांना ते पांढरे डाग माहीत आहेत. नळावर, फरशीवर, बादलीच्या कडेला. ते काढायला लोक हातगाडीवरचं खुलं ॲसिड घेतात, थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरलेलं, वर ना नाव ना सूचना. ते ओततात कोण? घरमालकीण नाही. कामाला येणारी बाई, उघड्या हातांनी, बंद बाथरूममध्ये. याचा मला संताप यायचा, अजूनही येतो. म्हणून आम्ही पत्रक काढलं: ॲसिड सोडा, व्हिनेगर वापरा. इंग्रजी पत्रकात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की व्हिनेगर ब्लीचिंग पावडरमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नये. तेलुगू पत्रक बायकांसाठी होतं. त्यात चित्रं मोठी हवी होती. मजकूर बसेना. मी ती ओळ काढली. मला वाटलं, वाचून बाया घाबरतील आणि परत ॲसिडकडे जातील.

काकांना मी ते पत्रक अभिमानाने नेऊन दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, वरून खाली वाचलं, परत खालून वर वाचलं.

"खाली काय होतं?"

"कुठे खाली?"

"इथं. चित्र ओढून खाली आणलंय. काय काढलंस?"

"काही नाही काका. जागेचा प्रश्न होता."

"जागा कमी पडली की लोक बरोबर तीच ओळ कशी काय काढतात, मला आजपर्यंत कळलं नाही."

मी म्हटलं, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही. त्यांनी पत्रक घडी घालून मला परत दिलं.

लक्ष्मम्मा आमच्या गल्लीत चार घरी काम करायची. काकांकडे, त्यांना ती 'सार' म्हणायची, आणि आणखी तीन ठिकाणी. पत्रक तिला मीच दिलं होतं. तिला फार वाचता येत नव्हतं पण चित्रं कळत होती, आणि ॲसिडने तिच्या बोटांची सालं निघायची ती थांबतील म्हणून ती खूश होती. एका रविवारी सकाळी ती वर आली.

"अम्मा, वो खट्टा पानी देव ना थोड़ा. सार का बाथरूम चमका देतूँ."

मी व्हिनेगरची बाटलीच दिली. काय करणार आहेस, कशात घालणार आहेस, एक शब्द विचारला नाही. मला एवढंच सुचलं की शेवटी काकांच्या घरात माझं पत्रक शिरलं. मी जिंकले होते.

काकांचं बाथरूम मागच्या बाजूला. डासांसाठी झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला. संपात, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत, टाकायची ब्लीचिंग पावडर बाहेरच डब्यात. लक्ष्मम्माने फरशीवर आधी पावडर पसरली, पाणी बाहेर उडू नये म्हणून दार लोटलं, आणि वरून व्हिनेगर ओतलं. मला नंतर तिने सांगितलं ते कारण साधं होतं: पावडर चांगली, हे सार सांगतात. खट्टं पाणी चांगलं, हे अम्मा सांगते. दोन्ही घातलं तर आणखी चांगलं.

मला आधी खोकला ऐकू आला. साधा नाही, आत काहीतरी फाटल्यासारखा. मी जिना उतरले तेव्हा काका तिला काखेत धरून अंगणात ओढत होते. तिचे डोळे बंद, नाकातोंडातून पाणी. काका मला ओरडले, "आत जाऊ नको. काय वास येतोय?"

"काका, ही काय परीक्षेची वेळ आहे?"

"मला येत नाही माय. मला वास येत नाही. लवकर सांग."

मी नाकाने हवा ओढली. म्हणाले, "स्विमिंग पूलसारखा. खूप."

"क्लोरीन," ते म्हणाले. "तिला बसव. आडवं नको करू. तोंड वाऱ्याकडे." आणि गळ्यातला दोरा तोडून किल्ली माझ्या हातात दिली. "कपाट."

कपाटात रसायनं नव्हती. तीन स्वच्छ टॉवेल, उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, त्यांवर भरल्याची तारीख, डोळे धुवायची पिचकारी, वाळूची बादली, विजेरी, आणि दाराच्या आत तीन दवाखान्यांचे फोन नंबर, काकांच्या ताठ अक्षरात. प्रयोगशाळेत कोपऱ्यात जे असतं ते सगळं. कुलूप का, तर भाडेकरू टॉवेल घेऊन जातात.

आम्ही तिचे डोळे धुतले. रिक्षाने विद्यानगरकडच्या एका दवाखान्यात नेलं. तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण छाती बरेच दिवस धरेल.

बाहेर बाकावर आम्ही दोघं. काकाच म्हणाले, "मी दारातच बसलो होतो. दहा पावलांवर. ती खोकेपर्यंत मला कळलं नाही."

"वास कधीपासून येत नाही तुम्हाला?"

"तीस-बत्तीस वर्षं. एक बाटली उघडली. लेबल एक, आत दुसरंच."

मला वाटलं, आता कळलं. म्हणून हा माणूस लेबलांचा जन्माचा वैरी. मी विचारलं, "कोणी लावलं होतं लेबल?"

"मीच." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "सोबत झाडूवाला होता, त्याचे हात भाजले. चौकशी झाली. त्यानं बाटल्या इकडच्या तिकडं केल्या असतील असं प्रिन्सिपल म्हणाले. मी काही बोललो नाही. त्याची नोकरी गेली. माझी राहिली."

एवढंच. ते उठले आणि लक्ष्मम्माच्या मुलीसाठी इडली आणायला गेले.

तीन दिवसांनी लक्ष्मम्मा घरी आली आणि तिला कळलं की बाकीच्या तिन्ही घरांनी तिला येऊ नकोस म्हणून निरोप ठेवलाय. कारण गल्लीभर झालं होतं: ती काहीही कशातही मिसळते. तिला समजत नाही. उद्या आमच्या घरात काही केलं तर? त्याच दिवशी आमच्या संस्थेच्या समन्वयकांचा फोन आला. सूर मऊ होता. म्हणाले, झालं ते वाईट झालं, पण कुठे बोलायची वेळ आली तर 'चुकीचा वापर' हा शब्द वापरूया. पत्रकाचं नाव नको. कामाचं नुकसान होईल.

हीच भाषा मी कंपन्यांच्या खुलाशांत वाचत आले होते. अधोरेखित करून, लोकांना दाखवून, टाळ्या घेऊन. आणि खरं सांगते, फोन ठेवल्यावर दोन दिवस मी गप्प बसले. मला काम प्यारं होतं. ती ओळ मी काढली हे काका सोडून कोणाला माहीत नव्हतं आणि काका बोलत नव्हते. खाली जाताना मी त्यांच्या दारावरून घाईने जायचे. लक्ष्मम्मा मात्र रोज काकांच्या पायरीवर येऊन बसायची. काम नव्हतं तरी, सवयीने.

तिसऱ्या दिवशी मी इंग्रजी आणि तेलुगू, दोन्ही पत्रकं हातात घेऊन खाली आले. "मी त्या तिन्ही घरी जाऊन येते," म्हटलं.

काकांनी चपला घातल्या. "चल. बोलायचं तू. मी नुसता उभा राहतो."

लक्ष्मम्माही उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

पहिल्या घरी एक तेलुगू आजी होत्या. मी तुटक्या तेलुगूत सांगितलं की ओळ होती, मी काढली, तिची चूक नाही. आजींनी दोन्ही कागद न बघताच लक्ष्मम्माला विचारलं, जेवलीस का? झालं, ते घर परत मिळालं. दुसऱ्या घरी त्यांनी दुसरी बाई ठेवली होती. ऐकून घेतलं, दार लावलं. ते घर गेलं ते गेलंच.

तिसरं घर पुण्याच्या जोडप्याचं, दोघंही आयटीत. दार बाईंनी उघडलं, कानात इयरफोन तसेच. माझ्या कामाबद्दल त्यांना आदर होता. आमच्या कार्यक्रमाला दोनदा येऊन गेल्या होत्या.

"अगं, तू कशाला माफी मागतेस?" त्या म्हणाल्या. "तुझं पत्रक चांगलंच आहे. पण या लोकांना कळायला नको का, काय कशात घालायचं ते?"

"मलाच कळलं नाही," मी म्हणाले. "मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. ओळ इथे होती. ही बघा. इथून मी काढली. तिला जेवढं सांगितलं तेवढं तिने केलं. चूक माझी आहे."

काका बाजूला कठड्याला टेकून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते.

बाईंनी दोन्ही कागद बघितले. थोड्या वरमल्या. मग लक्ष्मम्माकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "ठीक है, कल से आ जाओ. लेकिन संभालके."

लक्ष्मम्मा हलली नाही. दोन जिने चढून तिला धाप लागली होती, ती ओसरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "अम्मा, पहले बाथरूम में क्या क्या रखे सो बाहर लाके दिखाव. उसके बाद बोलतूँ, आती के नहीं."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी लक्ष्मम्माकडे बघितलं. मग त्या आत गेल्या आणि एकेक आणत राहिल्या. टॉयलेटचं निळं, टाइल्सचं गुलाबी, डांबराच्या गोळ्या, फ्रेशनरचे दोन डबे, माझ्याच सांगण्यावरून आणलेलं व्हिनेगर. सगळ्यांत शेवटी थंड पेयाची एक जुनी बाटली, अर्धी भरलेली, पिवळसर, बुचाला कापड गुंडाळलेलं.

लक्ष्मम्माने ती हातात घेतली नाही. बोट दाखवलं. "ये क्या है?"

बाईंनी बाटली उजेडाकडे धरली. हलवून बघितली. "हे... हे आधीच्या भाडेकरूंचं असेल. नाही, मीच घेतलं होतं बहुतेक." मग लक्ष्मम्माला, "याद नहीं आ रहा."

"तुमारे घर का है, तुमकू नहीं मालूम," लक्ष्मम्मा म्हणाली. "फिर मेरेकू कैसा मालूम होना था अम्मा?"